द्राक्षबीज घन आणि आपली मृद्वीका

कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यातील औषधी दुकानांच्या फडताळांवर 'ग्रेप सीड एक्स्ट्रॅक्ट' नावाच्या कॅप्सूल आता सहज दिसतात. डबीवर द्राक्षांचा घोस असतो, माहितीपत्रकात चरकाचार्यांचे नाव असते, आणि रुग्ण विचारतो, "डॉक्टरसाहेब, रक्तदाबाला चांगलं म्हणतात, गोळी बंद करून हे घेऊ का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी त्या डबीत नेमके काय आहे, हे वैद्यबंधूंनी आणि फार्मसीचालकांनी तपासून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम संहितेकडे वळू. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात फळांमध्ये मृद्वीका श्रेष्ठ मानली आहे, आणि अन्नपानविधी अध्यायातील फलवर्गाचा आरंभच तिच्यापासून होतो. तृष्णा, दाह, ज्वर, श्वास, रक्तपित्त, क्षतक्षय, स्वरभेद, मदात्यय अशी तिच्या कार्याची व्याप्ती तेथे सांगितली आहे. चौथ्या अध्यायातील महाकषायांत कण्ठ्य, कासहर, ज्वरहर, श्रमहर, स्नेहोपग आणि विरेचनोपग अशा अनेक गणांत ती येते. ही सर्व स्तुती मधुर, स्निग्ध, सर अशा फळाची आहे. बी चावून पाहिली तर जिभेला लगेच कळते की येथे कषाय रसाचे राज्य आहे. कषाय हा रूक्ष, स्तंभन, ग्राही. म्हणजे फळ अनुलोमन करणारे आणि बी मलबंध करू शकणारी. मनुका भिजवून देताना बी काढण्यास आपण सांगतो, ते उगाच नव्हे. तेव्हा मृद्वीकेचे गुण छापून बीजाचा अर्क विकणे ही शास्त्राच्या नावावर केलेली उसनवारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जाता जाता एक गोष्ट. काही माहितीपत्रकांत यास 'द्राक्षबीज सत्त्व' म्हटलेले असते. गुडूचीसत्त्वाची कृती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द खटकेल. पाण्यात किंवा मद्यार्कमिश्रित पाण्यात काढून आटवलेला हा पदार्थ फार तर घन म्हणता येईल.

दुसरी गंमत आपल्या भागाची. तासगाव, मिरज, कवठे महांकाळचे मळे थॉम्पसन सीडलेस आणि त्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांचे. ज्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्या सांगलीच्या बेदाण्याच्या नावातच 'बीविरहित' हा अर्थ आहे. म्हणजे कृष्णाकाठचे द्राक्ष या कॅप्सूलला बी पुरवू शकत नाही. बी येते ती वाईनच्या चोथ्यातून. नाशिककडे काबर्ने सॉव्हिन्यों, शिराझ यांसारखे बियांचे वाण गाळले जातात, आणि जगभर या अर्काचा मुख्य कच्चा माल असा चोथाच आहे. फार्मसीचालकांनी येथे द्राक्षासवाचाही विचार करावा. बियांसह मनुकांचा क्वाथ केला तर बीजातील काही कषायांश त्यात उतरणारच. बेदाणा वापरला तर तो अंश नसेल. दोन्ही आसवांची चव सारखी लागत नसेल तर नवल नाही.

आता आधुनिक बाजू. बोर्दो येथील फ्रेंच संशोधक जॅक मास्केलिए यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रोअँथोसायनिडिन वर्गातील द्रव्ये प्रथम वेगळी केली, ती द्राक्षातून नव्हे तर शेंगदाण्याच्या लाल सालीतून. द्राक्षबीज नंतर आले. फ्रान्समध्ये ते मुख्यत्वे पायांच्या शिरांच्या तक्रारींवर, जडपणा आणि सूज यांसाठी वापरले गेले. 'क' जीवनसत्त्वाच्या वीसपट आणि 'ई'च्या पन्नासपट शक्ती हे जाहिरातीतील वाक्य परीक्षानळीतील मोजमापावर उभे आहे. शरीरात यातील लहान रेणूच शोषले जातात, मोठे रेणू पक्वाशयापर्यंत जाऊन तेथील जिवाणूंकडून मोडले जातात. पोटात जाताच पन्नासपट काही होत नाही.

रक्तदाबाबाबत पुरावा आहे, पण तो बेताचा. २०११ साली नऊ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वरचा दाब सरासरी दीड मिलिमीटरने उतरलेला दिसला. खालच्या दाबावर आणि कोलेस्टेरॉलवर परिणाम आढळला नाही. २०१६ च्या सोळा चाचण्यांच्या विश्लेषणात वरचा सुमारे सहा आणि खालचा सुमारे तीन मिलिमीटरने उतरला, आणि लाभ तुलनेने तरुण व स्थूल, चयापचय बिघडलेल्या व्यक्तींत अधिक दिसला. स्तनकर्करोगात किरणोपचारानंतर येणाऱ्या काठिण्यावर इंग्लंडमध्ये सहा महिने हा अर्क देऊन पाहिला. २००६ च्या अहवालात लाभ दिसला नाही. हे सर्व पाहता वर विचारलेल्या रुग्णास आमचे उत्तर एकच: रक्तदाबाची गोळी थांबवायची नाही. १८० दाबाच्या मनुष्याची गोळी काढून हातात कॅप्सूल देणे म्हणजे पक्षाघातास निमंत्रण.

चाचण्यांत मात्रा बहुधा दिवसास १०० ते ३०० मिलिग्रॅम होती. देण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन चालू असल्यास हा अर्क टाळावा, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करावा. दुसरी गोष्ट आपल्या चिकित्सेशी थेट जोडलेली आहे. कषाय द्रव्ये लोहाशी बांधली जातात. पांडुरोगी स्त्रीस नवायस लोह किंवा पुनर्नवा मंडूर चालू असताना जेवणानंतर हीच कॅप्सूल दिली तर लोह फुकट जाण्याचा संभव आहे. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे; पांडु बलवान असेल तर आम्ही ही कॅप्सूल देतच नाही. गर्भिणी आणि स्तनदा यांनाही देऊ नये. मलबद्धतेची प्रकृती असेल तर वर सांगितलेली स्तंभनाची बाब ध्यानात घ्यावी.

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे विस्ताराने. मास्केलिएंची शेंगदाण्याची साल येथे पुन्हा डोके वर काढते. ती स्वस्त असल्याने द्राक्षबीजात मिसळली जाते, आणि अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत काही नमुने तर मुख्यतः शेंगदाण्याच्या सालीचेच निघाले. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यास हे जिवावर बेतू शकते. 'एकूण पॉलीफिनॉल ९५ टक्के' एवढ्या आकड्याने ही भेसळ पकडली जात नाही. द्राक्षबीजातील रेणूंची जोडणी 'बी' प्रकारची आणि शेंगदाण्याच्या सालीत 'ए' प्रकारची, हा भेद एचपीएलसी तपासणीतच दिसतो. तो अहवाल मागावा. कीटकनाशकांच्या अवशेषांचाही अहवाल मागावा. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अवशेषांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, आणि अर्क काढताना असे अंश घट्ट होऊ शकतात. द्राक्षबीजाचे तेल ही निराळी वस्तू आहे, त्यात हे कषाय घटक जवळजवळ नसतात. 'ग्रेपफ्रूट सीड' तर वेगळ्याच, लिंबूवर्गीय फळाचे. त्याच्या अर्कात कृत्रिम जंतुनाशके सापडलेली आहेत. नावांच्या साम्यामुळे मागणी नोंदवताना गफलत होते.

कायद्याचे थोडेसे. ही डबी अन्नपूरक म्हणून, २०१६ च्या नियमांखाली विकली जात असेल तर तिच्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. तीच डबी 'रक्तदाबावर रामबाण' अशा फलकाखाली मांडली तर १९५४ च्या 'मॅजिक रेमेडीज' कायद्याचा भंग होतो, कारण रक्तदाब, मधुमेह आणि हृद्रोग हे तिन्ही त्याच्या परिशिष्टात आहेत. दुकानातील असे फलक फार्मसीचालकांनी आजच उतरवावेत.

पायांच्या शिरा फुगून सायंकाळी जडपणा येणारा, रक्त पातळ करणारे औषध न घेणारा, कोठा मृदू असलेला रुग्ण स्वखुशीने हा घन घेऊ इच्छित असेल तर आम्ही १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, तीन महिन्यांपुरता घेऊ देतो आणि दर महिन्यास घोट्याचा घेर मोजून नोंदवतो. कासात, तृष्णेत, श्रमात मात्र काळी मनुका, बी काढून, रात्री भिजवलेली.