रात्रीची मालविमाने आणि आपले पार्सल

संध्याकाळी साड्यांच्या नमुन्यांचे पार्सल कुरिअरवाल्याच्या हवाली करावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परगावच्या गिऱ्हाईकाचा फोन यावा की माल मिळाला, ही आता रोजची गोष्ट झाली आहे. मधल्या रात्रीत काय घडते याचा विचार आपण व्यापारी मंडळी क्वचितच करतो.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले असेच एक डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि १३ माणसे दगावली. आज आपल्याकडे ब्लू डार्टसारख्या कंपन्या हे काम मोठ्या बोइंग विमानांनी करतात. परंतु अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत मोठ्या विमानातून उतरलेली पार्सले लहान शहरांत पोहोचवायला छोटी विमाने लागतात. त्यांतले सेसना कॅरॅव्हान हे एका इंजिनाचे, सुमारे दीड टन माल नेणारे विमान पुष्कळदा एकच वैमानिक चालवतो.

धोका इथेच आहे. रात्री ढगात क्षितिज दिसत नाही. विमान एका बाजूला कलले तरी कानातील तोल सांभाळणारी रचना काही वेळाने ‘सरळ आहे’ असेच सांगू लागते, म्हणून शरीराचे न ऐकता काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. ३ मे २००५ च्या रात्री न्यूझीलंडमध्ये टपाल नेणाऱ्या मेट्रोलायनर विमानाचे वैमानिक दोन टाक्यांतील इंधन समान करीत होते. त्यासाठी त्यांनी विमान थोडे तिरके धरले होते. आपोआप चालवणारे यंत्र अचानक सुटले, विमान गिरक्या घेत खाली गेले आणि हवेतच मोडले. तिथे तर दोघे होते. ५ डिसेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात त्याच जातीचे मालविमान वादळात सापडून पडले, त्यात वैमानिक एकटाच होता. नकाशा पाहणारा, रेडिओवर बोलणारा, हवामान जोखणारा तोच.

त्यात झोप. रात्री दोन ते सहा ही माणसाच्या शरीराची सर्वांत मंद वेळ. भिवंडी-मालेगावच्या आमच्या कारागिरांना हे सांगायची गरज नाही. रात्रपाळीत पहाटे चारला धागा तुटतो, लूम चालूच राहतो आणि दोन हात कापड खराब झाल्यावर डोळे उघडतात. कापड फार तर कटपीसमध्ये जाते. अमेरिकेने जानेवारी २०१४ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम लागू केले ते प्रवासी विमानांना, मालविमानांना त्यातून वगळले. आम्हाला हा न्याय उलटा वाटतो, कारण रात्री जागतो तो मालवालाच.

आता आपल्या वाट्याचे. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून सांतो दोमिंगोला निघालेले मालविमान उडताच पडले व पाच माणसे गेली. आत काय होते? डेनिम कापड, सुमारे ४० टन. भार मागच्या बाजूला जास्त झाला होता, शेपूट दबले आणि नाक वर उठले. ते विमान मोठे होते आणि वेळ दुपारची होती. लहान विमानात हीच गडबड व्हायला काही गठ्ठे पुरतात. भाडे वाचवायला आम्हीही कधी बिल्टीवर दोन-चार किलो कमी लिहिले आहेत, हे कबूल करतो. वजन-मापातील खोट म्हटली की सूरह मुतफ्फिफीन आठवते, पण ती फक्त तराजूपुरती आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

कपड्यांच्या पार्सलात भाच्याच्या आग्रहाने स्पिरिटचे सेंट, थिनरची बाटली, मोबाईलच्या सुट्या बॅटऱ्या घालणारेही आहेत. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एका जंबो मालविमानात आग लागली, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक वाचले नाहीत. एकटा वैमानिक तर सुकाणू सोडून मागे आग विझवायलाही जाऊ शकत नाही.

आमच्या दुकानात आता पार्सल बांधण्याआधी मुनीमजी आतला माल यादीशी ताडून पाहतात आणि काट्यावरचे वजन आहे तेवढेच लिहितात. ज्या मालाला चार दिवस चालतात, तो ट्रान्सपोर्टनेच जातो.