गोठवणाऱ्या थंडीतील सदाहरित ओक

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात ओकचा एक विशाल वृक्ष उभा आहे. 1861 साली, यादवी युद्ध चालू असताना, मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिकेने याच झाडाच्या सावलीत, गुलामगिरीतून निसटून आलेल्या लोकांच्या मुलांना शिकविण्यास आरंभ केला. कृष्णवर्णीयांना एकत्र जमवून लिहावयास-वाचावयास शिकविणे त्या राज्याच्या 1831 च्या कायद्याने निषिद्ध होते. पुढे 1863 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा या झाडाखाली वाचून दाखविण्यात आला. तेव्हापासून हा वृक्ष ‘मुक्तीचा ओक’ म्हणून ओळखला जातो.

वर्गात ही हकीकत सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तिकडे तर बर्फ पडतो. मग हे झाड हिवाळ्यातही हिरवे कसे राहते?” मी इतिहासाचा शिक्षक, उत्तरासाठी मला वनस्पतिशास्त्राची पुस्तके उघडावी लागली. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहे.

ओकच्या अनेक प्रजाती शरद ऋतूत पाने गाळून हिवाळा काढतात. ‘लाइव्ह ओक’ ही प्रजाती मात्र जुनी पाने हिवाळाभर राखते आणि वसंताच्या सुमारास नवी पालवी येऊ लागली की ती गाळते. आग्नेय व्हर्जिनिया ही तिच्या नैसर्गिक प्रदेशाची उत्तर सीमा होय. त्यापलीकडे कडाका तिला मानवत नाही.

दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार होत गेली की झाड हिवाळ्याची सिद्धता करू लागते. पेशींतील साखरेचे प्रमाण वाढते, पेशीपटलाची रचना बदलते. पारा शून्याखाली गेल्यावर बर्फ प्रथम पेशींच्या आत नव्हे, तर पेशींमधील मोकळ्या जागेत तयार होतो. तो पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. त्यामुळे आतील रस घट्ट होतो आणि सहसा गोठत नाही. परंतु यालाही मर्यादा आहे. थंडी फारच वाढली तर पेशी कोरडी पडून तिचे पटल फाटते. बर्फ पेशीच्या आतच झाला तर पेशी मरते. उबदार दिवसांनंतर अकस्मात कडाका आला तर सिद्धता अपुरी ठरते आणि हानी अधिक होते.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वहनाचा. खोडातील रस गोठला की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बर्फ वितळताना रुंद वाहिन्यांतील मोठे बुडबुडे फुगतात व पाण्याची धार तुटते. अरुंद वाहिन्यांतील बारीक बुडबुडे पुन्हा विरघळू शकतात. पानगळी ओकच्या वाहिन्या रुंद असतात, म्हणून त्यांना दर वसंतात नव्या वाहिन्या घडवाव्या लागतात. लाइव्ह ओकच्या वाहिन्या तुलनेने अरुंद असल्याने हिवाळ्यातही पानांना पाणी मिळत राहते.

फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सास राज्यात या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. 16 फेब्रुवारीस डॅलस येथे तापमान उणे 19 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. दक्षिणेकडील ह्यूस्टनमध्येही ते उणे 10 अंशांच्या खाली गेले. वीजपुरवठा कोलमडला. शासकीय गणनेनुसार 246 माणसे मृत्युमुखी पडली. बर्फ वितळल्यावर लोकांना दिसले की रस्तोरस्तीचे हिरवे ओक तपकिरी झाले आहेत. झाडे मेली असे अनेकांना वाटले.

वृक्षतज्ज्ञांचा सल्ला एकच होता : थांबा, कुऱ्हाड उचलू नका. कारण हानीचा एक क्रम असतो. प्रथम पाने जळतात, मग कळ्या व कोवळ्या डहाळ्या. जाड सालीखालचा वाढीचा थर सर्वांत शेवटी मरतो. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व शुष्क दिसला तर ती गेली. शिवाय सालीखाली सुप्त कळ्या असतात. शेंडे मेले तरी जाड फांद्यांवर आणि खोडावर त्यांतून धुमारे फुटू शकतात. घाई टाळण्याचे आणखी एक कारण होते. ओक मर रोगाची बुरशी रसाच्या वासाने आकर्षित होणाऱ्या भुंगेऱ्यांमार्फत ताज्या जखमांतून शिरते, आणि फेब्रुवारी ते जून हा त्या दृष्टीने विशेष धोक्याचा काळ असतो.

पुढील महिन्यांत बहुतेक झाडांना पालवी आली. काहींना ती फार उशिरा आली, काहींचे शेंडे वाळून केवळ खोडावर धुमारे फुटले, काही खरोखरच मेली. कोणते झाड कोणत्या गटातले, हे फेब्रुवारीत नुसते पाहून सांगता येण्यासारखे नव्हते. ज्यांनी त्याच आठवड्यात निकाल दिला, त्यांच्या हातून जगू शकणारी झाडेही तुटली असतील.

आम्हा शिक्षकांपुढेही दरवर्षी अशी काही मुले येतात, ज्यांच्याविषयी पहिल्याच सहामाहीत निकाल देण्याचा मोह होतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांना आपले ते दिवस आठवत असतील.

मेरी पीक यांचे 1862 च्या फेब्रुवारीत क्षयाने निधन झाले. काम मात्र थांबले नाही. 1868 मध्ये त्याच परिसरात हॅम्प्टनची शिक्षणसंस्था उभी राहिली. आपल्या प्रजातीच्या उत्तर सीमेवर उभा असलेला तो ओक आजही तिच्या आवारात हिरवा आहे.