थोरोंचे तळे आणि हॉलिवूडचा पडदा

सत्य ओळखण्याची शक्ती प्रत्येक माणसाच्या अंतरंगातच असते. रूढी, पंथ किंवा बहुमत यांच्याआधी त्या आतल्या कौलाला मान द्यावा, हे अमेरिकेतील अतींद्रियवादाचे मुख्य सूत्र. मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड हे गाव या विचाराचे माहेरघर. राल्फ वाल्डो इमर्सन यांनी १८४१ मध्ये ‘सेल्फ-रिलायन्स’ या निबंधात तो ठामपणे मांडला. त्यांना अभिप्रेत असलेले स्वावलंबन पैशाअडक्याचे कमी आणि विवेकाचे अधिक आहे. त्यांचे तरुण स्नेही हेन्री डेव्हिड थोरो जुलै १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेले. दोन वर्षांच्या त्या मुक्कामातून ‘वॉल्डन’ (१८५४) हे पुस्तक आले.

हॉलिवूडने हा विचार पुन्हा पुन्हा पडद्यावर आणला. डग्लस सर्क यांच्या ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) या चित्रपटात कॅरी ही सुखवस्तू विधवा तिच्याकडील झाडांची निगा राखणाऱ्या, वयाने लहान रॉनच्या प्रेमात पडते. त्याच्या मित्राच्या घरी तिच्या हाती ‘वॉल्डन’ लागते. रॉनने ते बहुधा वाचलेले नाही, तो ते जगतो, असे तिला कळते. मात्र गावातली कुजबुज आणि मुलांचा विरोध यांपुढे ती माघार घेते. नाताळात मुले तिला सोबत म्हणून टीव्ही संच देतात. त्याच्या बंद पडद्यात तिचा एकाकी चेहरा उमटतो आणि लोकलाजेची किंमत संवादाविना कळते.

पीटर वेअर यांचा ‘डेड पोएट्स सोसायटी’ (१९८९) घडतो तो १९५९ सालच्या व्हरमाँटमधील एका निवासी शाळेत. विद्यार्थ्यांच्या गुप्त मंडळाची बैठक थोरोंच्या उताऱ्याने सुरू होते. शिक्षक कीटिंग एकदा तीन मुलांना अंगणात नुसते चालायला सांगतात. थोड्याच वेळात तिघांची पावले एका तालात पडू लागतात, बाकीची मुले टाळ्यांचा ठेका धरतात. हुकूम कोणीच दिलेला नसतो. अनुकरण किती नकळत अंगवळणी पडते, हे या प्रसंगात दिसते. त्याची दुसरी बाजूही चित्रपट लपवत नाही. नाटकाचे वेड असलेला नील वडिलांपुढे मनातले बोलू शकत नाही आणि आत्महत्या करतो.

शॉन पेन यांच्या ‘इन्टू द वाइल्ड’ (२००७) मागे सत्यकथा आहे. ख्रिस्तोफर मॅककँडलेस हा तरुण १९९० मध्ये पदवीधर झाल्यावर बचत दान करून भटकंतीला निघाला आणि १९९२ मध्ये अलास्कातील एका बेवारस बसमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावला. आनंद वाटून घेतला तरच खरा, असे त्याने अखेरच्या दिवसांत जवळच्या एका पुस्तकात लिहून ठेवले होते.

थोरोंचा एकांत इतका टोकाचा नव्हता. झोपडी इमर्सन यांच्याच जमिनीवर होती, पाहुण्यांचा राबता होता, गाव चालत जाण्याइतके जवळ होते. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देण्यास नकार दिल्याबद्दल १८४६ मध्ये त्यांनी एक रात्र तुरुंगातही काढली. म्हणजे समाजात राहूनच त्यांनी समाजाला नकार दिला. या कसोटीवर तिन्ही चित्रपटांत सर्क यांचा चित्रपट मूळ विचाराच्या सर्वांत जवळ जातो. माघार घेतलेली कॅरी शेवटी लोकांची भीड झुगारते ती एकटी राहण्यासाठी नव्हे, तर आपल्या निवडीच्या माणसासोबत जगण्यासाठी.