कूलर, पाणी आणि अर्थिंग

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर व पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु सरहद्दीचा हा बंदोबस्त उन्हाळ्याने कधी मानला नाही, आणि वैशाख लागला की नागपूरप्रमाणेच येथेही खिडकीखिडकीशी पत्र्याचा कूलर उभा राहतो.

ताट्यांवरून झिरपणारे पाणी, त्यातच बुडालेला लहानसा पंप आणि सभोवती लोखंडी पेटी, अशी ज्या यंत्राची रचना, त्याच्या ठायी सुखाबरोबर संकटही नांदते. टाकी रिकामी झाल्यावरही चालू राहिलेला पंप तापून त्याच्या तारांवरील आवरण चिरले, म्हणजे २३० व्होल्टांची वीज क्षारयुक्त पाण्यावाटे पत्र्यात उतरते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून बादली ओतणाऱ्याच्या देहातून जमिनीकडे धाव घेते. पाच अँपिअरच्या फ्यूजवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तो तारांचे रक्षण करतो, माणसाच्या प्राणास मात्र त्याचा शतांश प्रवाहही घातक ठरू शकतो.

यासाठीच प्लगची तिसरी, लांब व जाड पिन असते. ती आधी जोडली जाते, शेवटी सुटते, आणि पत्र्यावर आलेला करंट मीठ व कोळसा भरलेल्या खड्ड्यापर्यंत पोचविते. पण भूमी विद्युत् वाहते ती ओलाव्याच्या बळावर. आणि कूलरला अर्थिंगची निकड असते नेमकी त्याच दिवसांत, जेव्हा काळी माती सुकून भेगाळलेली असते. म्हणून कूलरला पाणी घालणाऱ्याने या खड्ड्यालाही पाणी घातले पाहिजे.

एवढ्यावरही विसंबू नये. मुख्य बोर्डावर बसविलेले आरसीसीबी हे उपकरण गेलेल्या व परतलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवते आणि ३० मिलिअँपिअरची तूट आढळताच क्षणार्धात पुरवठा तोडते. त्याचे चाचणीचे बटण मधूनमधून दाबून पाहावे.

कूलरमधून वाहून गेलेले पाणी भिंतीत मुरून खिडकीखालच्या स्विचबोर्डात शिरते. तेव्हा बोर्ड बाजूला व उंचावर असावा, आणि कूलरची गळकी टाकी हंगामापूर्वीच दुरुस्त करावी. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण ते चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेले असल्यास यंत्रात विद्युत् राहतेच; म्हणून प्लगच काढावा. दरवर्षी ताट्या बदलण्याचा खर्च आपण बिनतक्रार करतो. त्याच दिवशी वायरमनकडून पंप, वायर आणि अर्थिंग तपासून घेण्याचा दस्तूर घराघरांत पडला, तर त्या खर्चात फारशी भर पडणार नाही.