‘अस्मितेचे राजकारण’ हा शब्द शिवी कसा झाला?

महाविद्यालयात, कार्यालयात किंवा समाजमाध्यमांवर जातीचा विषय काढला की एक उत्तर ठरलेले असते : ‘तुम्ही अस्मितेचे राजकारण करता.’ म्हणजे तुम्ही स्वतःपुरते पाहता, समाजात फूट पाडता. गंमत अशी की हे वाक्य उजव्या बाजूचे लोक म्हणतात आणि वर्गलढ्याची भाषा बोलणारे आपले मित्रही म्हणतात. वस्तीपातळीवर काम करताना आम्हाला भेटणारे तरुण या आरोपासमोर गडबडून जातात. म्हणून हा शब्द मुळात कुणी, कुठे आणि कशासाठी वापरला, हे नीट पाहणे गरजेचे आहे.

तो आला अमेरिकेतून. १९७७ साली बोस्टन शहरातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका लहान गटाने एक निवेदन लिहिले. गटाचे नाव कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह. कॉम्बाही ही दक्षिण कॅरोलिनातील नदी. स्वतः गुलामीतून निसटलेल्या हॅरिएट टबमन यांनी जून १८६३ मध्ये तिथल्या मळ्यांवरच्या लष्करी छाप्याची वाट दाखवली आणि सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. बार्बरा स्मिथ, त्यांची जुळी बहीण बेव्हर्ली स्मिथ आणि डेमिटा फ्रेझियर यांनी लिहिलेल्या या निवेदनातच ‘अस्मितेचे राजकारण’ हा शब्द राजकीय अर्थाने प्रथम ठळकपणे पुढे आला.

या स्त्रिया चळवळीत नवख्या नव्हत्या. पण कृष्णवर्णीयांच्या संघटनांत नेतृत्व पुरुषांकडे आणि स्त्रीमुक्ती संघटनांत अजेंडा गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांचा, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या मुक्तीची काळजी दुसरे कुणी सातत्याने करणार नाही, म्हणून आमचे राजकारण आमच्या जगण्यापासून सुरू होईल. पुढचा मुद्दा मात्र आज सोयीस्करपणे विसरला जातो : कृष्णवर्णीय स्त्री मुक्त व्हायची तर वंशभेद, पुरुषसत्ता आणि भांडवलशाही तिन्ही मोडावी लागतील, म्हणजे सगळेच मुक्त होतील. त्या स्वतःला समाजवादी म्हणवत. कृष्णवर्णीय पुरुषांपासून वेगळे होण्याची कल्पना त्यांनी स्पष्ट नाकारली. ज्या शब्दाला आज फुटीचे हत्यार म्हटले जाते, तो एकजुटीची अट म्हणून जन्मला होता.

हे केवळ कागदावर नव्हते. १९७९ च्या पहिल्या काही महिन्यांत बोस्टनमध्ये एकामागोमाग एक बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. निषेध मोर्चात वक्ते वंशद्वेषावर बोलले. बळी गेलेल्या सगळ्या स्त्रियाच का, हा प्रश्न मागे पडला. उलट स्त्रियांनी घरात राहावे, पुरुषांनी त्यांचे रक्षण करावे असा सूर निघाला. तेव्हा या गटाने एक पत्रक काढले. त्यात दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या आणि स्वसंरक्षणाची व्यावहारिक माहितीही दिली. सुरुवातीला त्यावर सहा स्त्रियांचा आकडा होता. खून थांबत नव्हते, म्हणून तो खोडून सात, मग आठ असा बदलत गेला.

या विचाराला जुनी अभ्यासपरंपरा आहे. डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांचे नाव आपल्याला परिचित आहे, कारण १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रो काँग्रेसच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या आणि अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते. याच ड्यु बॉइस यांनी त्याआधी पन्नास वर्षे फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन पाहणी केली. त्या वस्तीतील गरिबी आणि गुन्हेगारी हा तिथल्या लोकांचा स्वभावदोष आहे, अशी तेव्हा समजूत होती. १८९९ च्या त्यांच्या ग्रंथाने दाखवले की बंद नोकऱ्या, चढी घरभाडी आणि गुलामीचा वारसा ही खरी कारणे आहेत. पुढे १९०३ साली त्यांनी ‘दुहेरी जाणीव’ ही कल्पना मांडली : स्वतःकडे सतत तुच्छ मानणाऱ्याच्या नजरेतून पाहावे लागणे. आडनाव विचारल्यावर क्षणभर थांबणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

‘आधी वर्ग पाहा’ म्हणणाऱ्यांनाही ड्यु बॉइस यांनी १९३५ सालीच उत्तर दिले होते. गोरा मजूर कमी मजुरीत का राबतो आणि काळ्या मजुराशी हात का मिळवत नाही? कारण त्याला पैशाखेरीज आणखी एक ‘मजुरी’ मिळते : मान, उद्यानात मोकळा प्रवेश, न्यायालयात सौम्य वागणूक. वरचेपणाची ही मजुरी मोजल्याशिवाय वर्गाचा हिशेब लागत नाही. आम्हाला वाटते, हा एक मुद्दा जरी अभ्यास शिबिरात नीट शिकवला तरी निम्मे वाद मिटतील.

याउलट ऑलिव्हर कॉक्स. त्रिनिदादमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ तगडा विचारवंत होता. वंशभेदाचे मूळ भांडवलशाहीच्या शोषणात आहे, हे त्याने १९४८ च्या ग्रंथात जोरकसपणे मांडले. पण वंश आणि जात वेगळे ठरवताना त्याने भारताबद्दल एक विधान केले : जातिव्यवस्था स्थिर आहे, खालच्या जातींनी ती मनाने स्वीकारलेली आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती आणि ‘जातिनिर्मूलन’ इंग्रजीत छापून बारा वर्षे! सोसणाऱ्याचे म्हणणे न ऐकता केलेला सिद्धांत किती मोठी चूक करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. ही चूक १९६० साली जेराल्ड बेरेमन या गोऱ्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिली. गढवालमधील खेड्यात राहून त्याने खालच्या जातींच्या मनातला संताप ऐकला होता.

न्यायालयातही हेच घडले. जनरल मोटर्सने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदीत ज्येष्ठतेनुसार कपात झाली आणि उशिरा लागलेल्या याच स्त्रिया बाहेर पडल्या. पाच जणींनी दावा लावला. १९७६ साली न्यायालयाने सांगितले की कंपनीत स्त्रिया आहेत, म्हणजे लिंगभेद नाही. वंशभेदाची तक्रार कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्यात जोडावी. दोन्ही एकत्र करून नवा वर्ग निर्माण करता येणार नाही. कामावर असलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या, एवढेच न्यायालयाला दिसले नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली याच निकालाची चिरफाड करून ‘छेदनबिंदू’चा सिद्धांत मांडला. चौकात दोन्ही रस्त्यांनी येणाऱ्या गाड्यांची धडक एकाच व्यक्तीला बसू शकते, हे त्यांचे उदाहरण. आपल्याकडे गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली दलित स्त्रीच्या वेगळ्या बोलण्याचा प्रश्न मांडला, त्याची जातकुळी हीच.

मग हा शब्द बदनाम का झाला? सगळा दोष विरोधकांचा नाही. तत्त्वज्ञ ओलुफेमी तायवो यांनी २०२२ च्या पुस्तकात याचा छडा लावला आहे. त्यांच्या मते अस्मितेचे राजकारण चुकीचे नाही, पण त्यावर समाजातल्या वरच्या थराने कब्जा केला. एखाद्या मंडळावर एक कृष्णवर्णीय चेहरा बसवला, जाहिरातीत विविधता दाखवली की काम झाले. ‘ज्यांनी सोसले त्यांचे ऐका’ या तत्त्वाचा अर्थ मग सभागृहात आधीच पोहोचलेल्या एका व्यक्तीला माईक देणे एवढाच उरतो. ज्यांना दारापर्यंतही येता आले नाही, त्यांचे काय, हे कुणी विचारत नाही.

ही टीका अमेरिकेपुरती ठेवता येणार नाही. आपल्या जयंतीच्या मंचावर कोण बसते, सफाई कामगार भगिनी मंचावर असतात की खुर्च्या मांडण्यात, हे प्रत्येक शाखेने मोजून पाहावे. बार्बरा स्मिथ यांनी १९८० साली ऑड्री लॉर्ड यांच्याबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. तिचे नाव ‘किचन टेबल’. आपले लिखाण कुणी छापायचे, हेही दुसऱ्यांवर सोडायचे नाही, असे या स्त्रियांनी ठरवले होते.