जॅमबोर्ड गेल्यानंतरचा फळा

५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांना थोडं चुकल्यासारखं वाटलं असेल. कितीतरी वर्षं रविवारी सकाळी पुण्या-नागपूरला आईबाबांशी बोलायची ती खिडकी होती. पण खरं सांगा, किती दिवस हळहळलात? व्हॉट्सॲप होतंच. ज्यांच्या हाताशी चार साधनं असतात, त्यांचं एक गेलं तर काही अडत नाही. ज्यांनी साठीनंतर एकच साधन मोठ्या कष्टाने आपलंसं केलं आणि नेमकं तेच गेलं, त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

त्या साधनाचं नाव जॅमबोर्ड. कोविडच्या काळात तुमची मुलं घरून शाळा करत असतील, तर तुम्ही ते पाहिलेलं असेल. गुगलचा हा डिजिटल फळा २०१७ मध्ये विक्रीला आला तो ५५ इंची पडद्याच्या रूपात, किंमत ४,९९९ डॉलर. शिक्षकांना त्याची ओळख झाली ती मात्र ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या त्याच्या धाकट्या भावामुळे. २८ सप्टेंबर २०२३ ला कंपनीने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर लिहिता येईना, फक्त पाहता येई. ३१ डिसेंबर २०२४ ला तो संपला. सव्वा वर्षाची सूचना होती, फळ्यांची पीडीएफ करून ठेवायची सोय होती. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रश्न पुढचा होता: आता त्या जागी काय?

आधी वर्गाबद्दल सांगते. मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, आधी पुण्यात आणि मग टेक्ससमध्ये. निवृत्तीनंतर अर्विंगमध्ये आठवड्यातून दोन सकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवायला मदत करते. आपल्या गावात अशी सोय बऱ्याच ठिकाणी आहे. डॅलस कॉलेजचा नॉर्थ लेक कॅम्पस इथेच आहे आणि तिथेही प्रौढांना इंग्रजी शिकता येतं. आमचा वर्ग मात्र अगदी लहान, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारा. होंडुरासचा सुतार, नेपाळहून आलेलं जोडपं, दोन तेलुगू आजी आणि मुलाकडे राहायला आलेल्या तीन-चार मराठी काकू.

त्यातल्या सांगलीच्या एक काकू पहिले दोन महिने काही लिहायच्या नाहीत. कागद पुढे ठेवला की चष्मा शोधायच्या. मराठी अक्षर मोत्यासारखं, पोस्टात नोकरी केलेली बाई. पण इंग्रजी स्पेलिंग चुकलं तर शेजारचीला दिसेल, आणि शेजारची म्हणजे त्यांच्या सुनेच्या मैत्रिणीची आई! जॅमबोर्डवर पिवळी चिठ्ठी चिकटवता यायची आणि तिच्यावर कुणाचं नाव नसायचं. एक दिवस फळ्यावर चिठ्ठी उमटली, ‘आय मिस माय बस स्टॉप’. कुणी लिहिलं ते कुणालाच कळलं नाही. मी मोठ्याने वाचलं, सुतारबुवा म्हणाले, मी टू. काकू खाली मान घालून हसल्या तेव्हा मला समजलं. पुढच्या आठवड्यात चार चिठ्ठ्या आल्या.

माल्कम नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने प्रौढशिक्षणाबद्दल जे लिहिलं त्याचा गाभा असा, की मोठा माणूस रिकामा वर्गात येत नाही, आपला सगळा अनुभव बरोबर घेऊन येतो. मी त्यात एवढंच घालीन, की तो आपली इभ्रतही बरोबर घेऊन येतो. मुलं चुकतात आणि विसरतात. साठीतली माणसं चुकली, तर पुढच्या मंगळवारी येत नाहीत.

जॅमबोर्डचे तीन गुण आमच्या कामाचे होते, आणि तिन्ही गुण म्हणजे खरं तर उणिवा होत्या. लिंक मिळाली की लिहिता यायचं, खातं लागायचं नाही. चिठ्ठीवर नाव नसायचं. आणि फळ्याला पानं असायची, जास्तीत जास्त २०. ‘पान तीनवर लिहा’ म्हटलं की सगळे पान तीनवर.

बंद करताना गुगलने फिगजॅम, ल्युसिडस्पार्क आणि मिरो ही तीन पर्यायी साधनं सुचवली. त्यांच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टींमध्ये अमर्याद कॅनव्हास, तयार आराखडे आणि मतदानाची सोय होती. ऑफिसमध्ये ही साधनं तुम्ही रोज वापरत असाल आणि ती उत्तम आहेत. पण अमर्याद कॅनव्हास म्हणजे काय, ते आमच्या वर्गात येऊन पाहा. अशाच एका फळ्यावर दोन बोटं टचपॅडवर जरा सरकली की सगळं लिखाण पडद्याबाहेर जातं आणि समोर उरतो पांढरा शुभ्र शून्य. तेलुगू आजी घाबरून म्हणाल्या, “मॅडम, मी सगळ्यांचं पुसलं.” काही पुसलेलं नव्हतं. पण हे समजावण्यात दहा मिनिटं गेली, आणि त्या दिवशी त्यांनी पुन्हा लॅपटॉपला हात लावला नाही.

त्याहून मोठी अडचण खात्याची. दुसऱ्या एका साधनात लिहायचं तर आधी लॉगिन हवं होतं. सांगलीच्या काकूंचं ईमेल खातं आहे, पण ते मुलाने उघडून दिलेलं. पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि पडताळणीचा कोड जातो मुलाच्या फोनवर. मुलगा प्लेनोला मीटिंगमध्ये. त्याने बिचाऱ्याने बाहेर येऊन कोड कळवला, तोवर त्याची मुदत संपलेली. दुसरा कोड मागवला. काकू म्हणाल्या, “राहू द्या मॅडम, तो कामात आहे.”

त्या इंग्रजी शिकायला का येतात, हे मी त्यांना पहिल्या दिवशी विचारलं होतं. फार्मसीत औषध घ्यायला, डॉक्टरांना काय होतंय ते सांगायला प्रत्येक वेळी मुलाला सुट्टी काढावी लागू नये म्हणून. आणि त्याच वर्गाच्या दारात आम्ही त्यांना पुन्हा मुलाला फोन करायला लावत होतो.

तेव्हापासून पर्याय पारखायची आमची पद्धत बदलली. वैशिष्ट्यांच्या याद्या आम्ही वाचत नाही. नवं साधन वर्गातल्या सगळ्यात नव्या विद्यार्थ्यापुढे ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. दोन मिनिटांत एक शब्द लिहिला गेला तर साधन राहतं.

या परीक्षेत जे टिकलं ते अगदीच साधं होतं, गुगल स्लाइड्स. हे फळ्याचं सॉफ्टवेअर नव्हेच. पण पानं आहेत, पानांना नंबर आहेत, आणि ‘लिंक असलेल्या कुणालाही लिहिता येईल’ अशी परवानगी दिली की लॅपटॉपवर खात्याशिवाय लिहिता येतं. मी आधीच प्रत्येक पानावर रंगीत चौकोन करून ठेवते, त्यांनी फक्त आत टाइप करायचं. खातं नसलेल्या माणसाला तिथे एखाद्या प्राण्याचं नाव मिळतं. त्यामुळे आमच्या वर्गात आता एक निनावी कॅपिबारा आणि एक निनावी वटवाघूळ आहे. “आज मी कोण?” हा तासाचा पहिला प्रश्न झाला आहे, आणि कॅपिबारा म्हणजे काय हे इंग्रजीतून सांगण्यात परवा अर्धा तास छान गेला.

त्यालाही मर्यादा आहेत. फोनवर हा मार्ग अडतो, तिथे ॲप आणि खातं दोन्ही मागितलं जातं. वर्गात आठ लॅपटॉप आहेत म्हणून निभावतं. पॅडलेट फोनवर बरं चालतं आणि पाहुण्यालाही लिहू देतं, पण फुकट खात्यात फळे मोजकेच मिळतात.

स्लाइड्सवर पेनाने लिहिण्याची मजा मात्र नाही, आणि ही उणीव वाटते त्यापेक्षा गंभीर आहे. नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजी वाचन-लेखनाची परीक्षा १ ऑक्टोबर २०१८ पासून डिजिटल टॅब्लेटवर घ्यायला सुरुवात झाली. अधिकारी वाक्य सांगतो आणि उमेदवाराने ते पडद्यावर पेनने लिहायचं. तीनपैकी एक वाक्य जमलं की झालं. पण काचेवर पहिल्यांदाच लिहिताना अक्षर कसं घसरतं, ते तुम्ही दुकानात कार्डाची सही करताना पाहिलंच आहे. जॅमबोर्डवर आमचे लोक बोटाने, पेनने लिहून सरावले होते. त्यासाठी आता आम्ही एक्सकॅलिड्रॉ वापरतो. ते मुक्तस्रोत आहे आणि खातं मागत नाही. कॅनव्हास अमर्याद आहे, म्हणून ते फक्त टॅब्लेटवर, एका वेळी एकाने आणि शेजारी मी बसलेली असतानाच उघडतो.

ही परीक्षा आपल्या मंडळींना दूरची नाही. यूएससीआयएसचं डॅलस फील्ड ऑफिस अर्विंगमध्येच आहे. आजवर नागरिकशास्त्राचे १०० प्रश्न पाठ करायचे, त्यातले १० पर्यंत विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास, असं होतं. २० ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज करतील त्यांच्यासाठी यादी १२८ प्रश्नांची, विचारणार २० पर्यंत आणि हवेत १२ बरोबर. वय आणि ग्रीन कार्डाची वर्षं पाहून काहींना सवलती आहेत. आपल्या आईवडिलांना त्या लागू होतात का ते नीट पाहून घ्या. ज्यांना होत नाहीत, त्यांची उजळणी वाढली आहे.

म्हणूनच जुन्या फळ्यांचं काय करायचं हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. लिहिणं बंद व्हायच्या आधीच एका स्वयंसेवक मुलीने, ती इथेच जन्मलेली, कोपेलच्या शाळेत शिकते, एकेक फळा पीडीएफमध्ये उतरवला. मी म्हटलं, ड्राइव्हवर ठेव. ती म्हणाली, “आजी, पण ड्राइव्ह त्यांचा कुठे आहे?” तिचं मराठी वाक्यरचनेत जरा अडखळतं, पण मुद्दा बिनतोड होता. आम्ही छापून काढलं आणि प्रत्येकाला आपापली पानं दिली. निनावी चिठ्ठ्या कुणाच्या, हे ज्याचं त्याने ओळखून घेतलं. काकूंनी आपल्या चिठ्ठ्या कात्रीने कापून एका वहीत चिकटवल्या आहेत, तारखांसकट.

हे सगळं करताना मला वारंवार पाटी आठवते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांची ही कल्पना. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर आणि हातात पाटी. त्यांची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. पाटीवर सगळे एकाच वेळी लिहितात, गुरुजींना एका नजरेत सगळं दिसतं आणि चुकलं तर हाताच्या फटक्यात नाहीसं होतं. जॅमबोर्डवर आम्ही जे करत होतो त्यातलं पुष्कळसं पाटीला येत होतं. फक्त नाव लपवणं तिला येत नाही आणि लिहिलेलं जपून ठेवणंही नाही.

म्हणून वर्गात आता वीस छोट्या पांढऱ्या पाट्याही आल्या आहेत, मार्करने लिहायच्या. स्पेलिंग आणि नागरिकशास्त्राची तोंडी उत्तरं पाटीवर, मनातलं काही लिहायचं असेल तर स्लाइड्सवर, परीक्षेचा सराव टॅब्लेटवर. माझे काही सहकारी म्हणतात, हे तीन तुकडे झाले, एकच साधन हवं होतं. मला नाही पटत. एकाच कंपनीच्या एकाच खिडकीवर सगळा तास उभा करायचा मोह मी तरी टाळणार आहे. आणि स्लाइड्ससुद्धा कधीतरी जाईल, हे धरूनच दर महिन्याच्या शेवटी छपाई होते.

तुमच्याकडे एक काम आहे. या दिवाळीत आई किंवा सासूबाई तुमच्याकडे असतील, तर फराळ झाल्यावर अर्धा तास बसा आणि त्यांचं खातं त्यांच्या फोन नंबरवर आणा. पासवर्ड त्यांनी निवडायचा, त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहायचा, मराठीत लिहिला तरी चालेल. कोड त्यांच्या फोनवर आला पाहिजे, आणि तो कुठे दिसतो हे त्यांनी तुम्हाला दाखवलं पाहिजे, तुम्ही त्यांना नव्हे. दोनदा करून घ्या. तुम्हाला तो पासवर्ड ठाऊक नसला तर उत्तम.

सांगलीच्या काकूंनी हे नातीकडून करून घेतलं. मागच्या गुरुवारी लॉगिनचा पडदा आला तेव्हा त्यांनी पर्समधून फोन काढला, कोड वाचला, घातला. मग शेजारच्या नेपाळी बाईंकडे वळून इंग्रजीत विचारलं, “युवर फोन? व्हेअर?”