वैमानिकांची जुनी जाकिटे : संग्रह आणि पारख

हिवाळ्यातील सकाळी आपल्या क्रांती चौकात क्षणभर उभे राहिले, तर दुचाकीवरून जाणाऱ्या कित्येक तरुणांच्या अंगावर कमरेशी आवळलेले, पुढे चेन असलेले आखूड जाकीट दिसते. कोणाचे अस्तर नारिंगी असते, तर कोणाच्या डाव्या बाहीवर चिमुकला खिसा असतो. हा वेष वैमानिकांचा असून त्याचा प्रत्येक अवयव गरजेपोटी जन्मास आला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. अशी जुनी, अस्सल जाकिटे जमविण्याचा व ओळखण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. या छंदाने डोळस निरीक्षणाची सवय लागते. म्हणून विद्यार्थ्यांस त्याची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम कारण पाहू. भूमीपासून दर हजार मीटर उंचीस हवेचे तपमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. खाली पंधरा अंश असता सहा हजार मीटरांवर ते शून्याखाली चोवीस अंशांपर्यंत जाते. आरंभीच्या विमानांत वैमानिकाची बैठक उघडी असे. तेव्हा वारा अडविणारे चामडे हाच त्याचा आधार होता. अमेरिकी सैन्याने १९३१ साली ‘ए-२’ नावाचे चामडी जाकीट मुक्रर केले. ब्रिटिश हवाई दलात मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचे ‘अर्विन’ जाकीट प्रसिद्धीस आले. त्याचा कर्ता लेस्ली अर्विन हा हवाई छत्रीच्या धंद्यातला अग्रणी होय. पुढे जेट विमाने आली. त्यांच्या अरुंद बैठकीत जाड कातडे अडचण करू लागले, आणि भिजलेले चामडे उंचीवर गोठू लागले. म्हणून १९५० च्या सुमारास नायलॉनचे ‘एमए-१’ आले. १९६० च्या सुमारास त्यास नारिंगी अस्तर मिळाले, ते अशासाठी की, विमान कोसळल्यास वैमानिकाने जाकीट उलटे घालावे व शोधकांस तो दुरून दिसावा. त्यानंतर अग्नीस दाद न देणाऱ्या नोमेक्स कापडाची जाकिटे प्रचारात आली.

नव्या विमानाचे पहिले उड्डाण करून त्याचे गुणदोष पाहणाऱ्यांस टेस्ट पायलट म्हणतात. त्यांचे जाकीट निराळ्या घाटाचे असते, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु तो बरोबर नव्हे. त्या त्या काळी सेवेत असलेलेच जाकीट ते बहुधा वापरीत. चक येगर यांनी १४ ऑक्टोबर १९४७ रोजी ध्वनीचा वेग प्रथम ओलांडला, त्या काळच्या कोणत्याही चामडी जाकिटास ‘टेस्ट पायलटचे’ म्हणून विकावयास व्यापारी टपलेले असतात. खरी ओळख कापडात नसून, ते कोणी घातले याच्या पुराव्यात असते.

आपल्या देशाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना निघाला. १९४३ साली तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीकामाकडे गेला. चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या आघाडीवरील अमेरिकी वैमानिकांसाठी आपल्याकडील कारागिरांनी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून बिल्ले शिवून दिले. आज संग्राहक ते मोठ्या आवडीने शोधतात. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान योजिले व १९५१ साली कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडविले. ‘मरुत’ या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी केले. हेच दास १० जानेवारी १९७० रोजी मरुताच्या चाचणीत प्राणास मुकले. नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, तेथेही राकेश शर्मा यांनी अंतराळातून परतल्यावर काही वर्षे मुख्य टेस्ट पायलटचे काम केले. अशा माणसांच्या वापरातील वस्त्रास केवळ जुना कपडा म्हणता येत नाही.

आता पारख कशी करावी? आपल्या शहराला हे शास्त्र नवे नाही. हिमरू शाल घेताना जाणता मनुष्य ती उलटून पाहतो. कारण मागील बाजूस सुटे राहिलेले धागे खऱ्या विणीची साक्ष देतात. जाकिटासही हाच न्याय लावावा.

पहिली साक्ष गळ्यामागील चिठ्ठीची. ‘ए-२’ वर जाकिटाचा प्रकार, ‘३०-१४१५’ हा आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक व कारखान्याचे नाव विणलेले असते. ब्रिटिश सामानावर मुकुटासह ‘ए’ व ‘एम’ ही इंग्रजी अक्षरे आढळतात. परंतु चिठ्ठ्यांच्या नकलाही मिळतात. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

दुसरी साक्ष घाटाची. मूळ ‘ए-२’ ला चामड्याची कॉलर, खांद्यावर पट्ट्या व झाकणाचे दोन खिसे असतात. हात उबवावयाचे आडवे खिसे नसतात. ते दिसले, तर नमुना मागाहूनचा समजावा.

तिसरी साक्ष पदार्थाची. नायलॉनचा शोध १९३५ सालचा. तेव्हा १९३१ चे म्हणविणाऱ्या जाकिटात नायलॉनचा धागा मूळचा असणे शक्य नाही. अतिनील किरणांच्या दिव्याखाली अलीकडचे कृत्रिम धागे पुष्कळदा चकाकतात, जुना सुती धागा सहसा चकाकत नाही. मात्र दुरुस्तीचा धागा नवा असू शकतो. म्हणून एका शिवणीवरून निकाल देऊ नये.

चौथी साक्ष बिल्ल्याची. बिल्ला बहुत वर्षे जागेवर असेल, तर त्याखालील चामडे कमी विटलेले असते. बिल्ला नवा आणि भोवतीचे चामडे झिजलेले, असे दिसल्यास तो मागाहून लाविला असावा.

पाचवी व सर्वांत थोर साक्ष कागदांची. मालकाचे नाव, त्याची उड्डाणवही, जाकीट अंगावर असलेले छायाचित्र व घरच्यांनी लिहून ठेवलेली हकीकत ही एकमेकांशी जुळली, म्हणजेच ‘अमक्याचे जाकीट’ असे म्हणण्याचा अधिकार येतो. न जुळल्यास ‘त्या काळचे जाकीट’ एवढेच म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

पालकांस एक विनंती. घरातील एखाद्या हवाई सैनिकाचे जाकीट ट्रंकेत असेल, तर ते धुण्यास देऊ नये, नवी चेन बसवू नये, चिठ्ठी उसवू नये. दुरुस्तीच्या हौसेने पुरावाच नष्ट होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेविल्यास पावसाळ्यात बुरशी चढते. म्हणून स्वच्छ सुती कापडात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे, आणि लोकरी भागास कसर लागली नाही ना, हे मधून मधून पाहावे. घरातील वृद्धांकडून त्या वस्त्राची हकीकत आजच तारीखवार लिहून घ्यावी. विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे की, आपण सैनिक आहोत असे भासविण्याच्या हेतूने सैनिकाचा वेष करणे हा कायद्याने गुन्हा आहे. जतन करणे निराळे आणि मिरविणे निराळे.

महाग वस्तू विकत घेतल्यानेच संग्राहक होता येते असे नाही. एक वही, एक भिंग व शंका घेण्याचे धैर्य एवढ्या भांडवलावर हा अभ्यास सुरू करता येतो. ज्या माणसाने न उडालेले विमान प्रथम उडविण्याचे साहस केले, त्याचे नाव दुसऱ्याच्या कोटास चिकटविणे हा त्याचा अपमान होय. आणि ज्याचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, त्याचा खरा कोट चिंधी म्हणून टाकून देणे हाही तितकाच मोठा अन्याय होय.